राउंड मेडोची फेरी

उन्हाळ्यात भारतातून आई-बाबा येतात, मुलांना सुट्टी असते, आणि सगळ्यांना झेपेल असं कुठं जायचं हा प्रश्न इथं अमेरिकेतल्या मराठी घरांत दर वर्षी निघतो. कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांना मी आग्रहानं सांगेन, सिक्वोया नॅशनल पार्कमध्ये जा आणि राउंड मेडो नावाच्या कुरणाला एक फेरी मारा.

बहुतेक जण तिथं जातात ते ‘जनरल शर्मन’ नावाचा सिक्वोया जातीचा वृक्ष पाहायला. जरूर पाहावा. सुमारे ८४ मीटर उंच, बुंध्याशी ११ मीटर रुंद. खोडाच्या घनफळात आज जगात त्याच्यापेक्षा मोठं झाड नाही. पण त्याच्या पायथ्याशी उभं राहिलं की नजरेत मावते ती नुसती साल. एवढं झाड मुळापासून शेंड्यापर्यंत पाहायचं तर समोर मोकळी जागा लागते. राउंड मेडोला ती आहे.

जायंट फॉरेस्ट म्युझियमपासून निघायचं. कुरणाभोवतीची फेरी एक किलोमीटरहून थोडीच जास्त. वाट सपाट आणि पक्की, ओलसर जागी लाकडी फळ्या टाकलेल्या. व्हीलचेअर चालते, बाळाची स्ट्रोलर चालते. जागा दोन हजार मीटरच्या आसपास उंचीवर आहे, म्हणून आजी-आजोबांना घाई करू नका.

अर्ध्या वाटेवर थांबून मुलांना विचारा: काठावर एवढी प्रचंड झाडं, मग मध्ये एकही का नाही? मला या फेरीतलं सगळ्यात मोलाचं हेच वाटतं. कुरणाची जमीन बर्फाच्या पाण्यानं इतकी भिजलेली असते की मुळांना हवा मिळत नाही; तिथं रुजलेलं रोप गुदमरतं. काठावर मात्र कोरड्या उन्हाळ्यातही ओल टिकते, आणि मोठा सिक्वोया उन्हाळ्यात दिवसाला दोन-तीन हजार लिटर पाणी ओढतो. गवत कुठं संपतं आणि झाड कुठं सुरू होतं, ते पाणीच ठरवतं.

मग खोडांवरचे काळे डाग दाखवा. हे आगीचे व्रण आहेत. सिक्वोयाची साल अर्धा मीटरहूनही जाड असू शकते, त्यामुळे साधी आग तो सोसतो. इतकंच नाही, त्याला ती लागतेही. त्याचे शंकू (बिया धरणारी बोंडं) वीस-वीस वर्षं मिटलेले राहू शकतात. खालच्या आगीची धग लागली की ते उघडतात, आणि पालापाचोळा जळून मोकळ्या झालेल्या मातीवर बिया पडतात. एका ग्रॅममध्ये सुमारे २०० बिया बसतात! माणसानं अनेक दशकं आगी विझवल्या, तेव्हा रोपं येईनाशी झाली आणि सरपण साचत गेलं. १९६०च्या दशकात इथं मुद्दाम, आटोक्यातल्या आगी लावायला सुरुवात झाली. तरीही २०२० आणि २०२१च्या वणव्यांत जगातल्या मोठ्या सिक्वोयांपैकी १३ ते १९ टक्के गेले, असा पार्कचा अंदाज आहे. हजारो वर्षं आगी पचवलेली झाडं आपल्या डोळ्यांदेखत जावीत, याचं मला फार वाईट वाटतं. २०२१मध्ये शर्मनच्या बुंध्याला अग्निरोधक आवरण गुंडाळावं लागलं. जायंट फॉरेस्ट, म्हणजे हेच जंगल, बराचसा वाचला, त्यात आधीच्या त्या आटोक्यातल्या आगींचा मोठा वाटा होता.

मुलांना वाट सोडून बुंध्यांकडे धावू देऊ नका. या झाडांची मुळं खोल नसतात. तीन-चार मीटरांच्या आत राहून ती आडवी दूरवर पसरतात, आणि पायांखाली माती दबली की त्यांना त्रास होतो. एके काळी या जंगलात हॉटेल, केबिन, दुकानं, पार्किंग, असं गावच वसलं होतं. मुळांचे हाल पाहून पार्कनं २८०हून अधिक इमारती काढून टाकल्या. म्युझियमची इमारत मात्र ठेवली. १९२८मध्ये बांधलेलं ते तिथलं दुकान होतं. माझ्या मते पार्कच्या इतिहासातलं हे सगळ्यात धाडसी काम.

फेरी झाली की शर्मनकडे जायला गाडी काढू नका. उन्हाळ्यात म्युझियमजवळून पार्कची मोफत शटल मिळते.