गोळी उघडते कुठे?

(इंदूरच्या राजेंद्रनगरात एका पोटविकारतज्ज्ञाने मराठी श्रोत्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘आतड्याचा एक चिवट आजार’ एवढाच छापला गेला आणि संयोजकांचा तो संकोच मला समजतो. शौचातून रक्त आणि आव पडण्याविषयी चारचौघांत बोलण्याची आपल्याकडे रीत नाही. ज्या इंदुरात सकाळच्या पोहे-जिलेबीपासून मध्यरात्रीच्या सराफ्यापर्यंत प्रत्येक घासाची चर्चा मोकळेपणाने होते, तिथे त्या घासाच्या शेवटच्या मुक्कामाविषयी मात्र कोणी तोंड उघडत नाही. म्हणूनच अल्सरेटिव्ह कोलायटिसचा रुग्ण आमच्यापर्यंत येतो, तोवर त्याने कित्येक महिने मूळव्याधीची मलमे लावलेली असतात किंवा आमांशाच्या गोळ्यांचे तीन-चार कोर्स संपवलेले असतात.

या आजारात मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येऊन चट्टे पडतात. सूज गुदाशयापासून सुरू होते आणि मध्ये निरोगी पट्टा न सोडता वर सरकते; कोणाची तिथेच थांबते, तर कोणाचे संपूर्ण मोठे आतडे व्यापते. शरीराची प्रतिकारयंत्रणाच इथे स्वतःच्या अस्तरावर उलटलेली असते. आपल्या भागात शौचाची आणि दुर्बिणीची तपासणी करून अमीबा नाही ना, हे आधी पाहावे लागते, कारण अमीबाच्या रुग्णाला चुकून स्टिरॉइड, म्हणजे सूज आणि प्रतिकारशक्ती दाबणारे औषध, दिले गेले तर आतड्याला छिद्र पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. औषधांनी हा आजार शांत राहतो, मुळापासून जात नाही.

आता गोळीकडे वळू. आपण गिळलेली बहुतेक औषधे लहान आतड्यात शोषली जाऊन रक्तात मिसळतात. इथे आपल्याला नेमके तेच नको असते: औषधाने जठर आणि लांबच लांब लहान आतडे न शोषले जाता ओलांडावे आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरावर लेपासारखे जाऊन बसावे, अशी अपेक्षा असते.

याचे पहिले उत्तर वेगळेच काही शोधताना सापडले. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील डॉ. नान्ना स्वार्ट्झ संधिवातावर औषध शोधत होत्या. संधिवात जंतूंमुळे होत असावा अशी तेव्हा समजूत होती, म्हणून त्यांनी सल्फा जातीचे जंतुनाशक आणि ॲस्पिरिनच्या कुळातले सॅलिसिलेट एकत्र जोडलेले औषध वापरले, तेच सल्फासालाझिन. कोलायटिसच्या रुग्णांना त्याचा गुण येतो, हे त्यांनी १९४२ साली प्रसिद्ध केले. तो का येतो, हे कळायला आणखी ३५ वर्षे लागली. १९७७ साली ऑक्सफर्डमध्ये सिडनी ट्रूलव्ह आणि बांगलादेशातून तिथे गेलेले आझाद खान यांच्या गटाने अखंड सल्फासालाझिन, त्यातला सल्फाचा भाग आणि त्यातला सॅलिसिलेटचा भाग वेगवेगळ्या रुग्णांना एनिमातून दिला. सल्फाने फारसे काही साधले नाही. सॅलिसिलेटने, म्हणजे ज्याला आज आपण मेसालामिन म्हणतो त्याने, अखंड औषधाइतकाच गुण आला. सल्फा हा नुसता हमाल होता. तो मालाला धरून ठेवी, वाटेत शोषू देत नसे, आणि मोठ्या आतड्यातल्या जीवाणूंनी त्यांच्यामधली गाठ तोडली की माल उतरे. डोकेदुखी, मळमळ, अंगावर पुरळ, पुरुषांमध्ये शुक्रजंतूंची तात्पुरती घट, हा बहुतेक उपद्रव मात्र त्या हमालाचाच.

मग हमालाशिवाय माल पोहोचवायचा कसा? त्यासाठी गोळीवर असे आवरण चढवतात, की ते जठरातल्या आम्लात टिकावे आणि लहान आतड्याच्या शेवटी, सामू (आम्लता मोजणारा पीएच) ७ च्या आसपास गेला की विरघळावे. दुसऱ्या प्रकारात औषधाचे बारीक दाणे एथिल सेल्युलोजच्या पापुद्र्यात गुंडाळलेले असतात आणि त्यांतून औषध वाटभर थोडे थोडे झिरपत राहते. म्हणूनच औषधाच्या दुकानात एकीऐवजी दुसरी गोळी हाती पडली, तर मिलिग्रॅम तेवढेच असूनही औषध उघडण्याची जागा बदललेली असू शकते.

माझ्याकडे येणाऱ्या एका आजींना ही गोळी गिळवत नसे, म्हणून त्यांच्या सूनबाई ती रोज खलबत्त्यात कुटून मधातून देत. सेवा मनापासून चालली होती. पण आवरणच कुटले गेल्यामुळे औषध मुक्कामी पोहोचत नव्हते आणि मी मात्र ते लागू पडत नाही असे समजून त्यापुढच्या औषधाचा विचार करू लागलो होतो. ‘गोळी घेता कशी?’ हे मी पहिल्याच दिवशी विचारायला हवे होते. अशांसाठी दाण्यांची पुडी मिळते. शौचात गोळीचे रिकामे टरफल दिसले तर घाबरू नये. अख्खी गोळी वारंवार दिसू लागली, तर मात्र डॉक्टरांना सांगावे.

सौम्य ते मध्यम आजारात दिवसाला २ ते ४.८ ग्रॅम मेसालामिन देतात आणि ते विभागून घेण्याऐवजी एकाच वेळी घेतले तरी गुण तेवढाच येतो. गोळीच्या जोडीला याच औषधाचा एनिमा घेतल्यास नुसत्या गोळीपेक्षा अधिक फायदा होतो. सूज गुदाशयापुरतीच असेल तर गोळीच्याही आधी सपोझिटरीचा, म्हणजे गुदद्वारातून आत सरकवायच्या वडीचा, मान. ‘तेवढे सोडून काहीही द्या, डॉक्टर’ हे वाक्य मला नेहमी ऐकावे लागते. मूत्रपिंडाला क्वचित इजा होते, म्हणून रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचे काम दाखवणारे द्रव्य, अधूनमधून तपासावे.

खरी गफलत रक्त थांबल्यावर होते. ‘आता बरे आहे ना, मग कशाला गोळ्या?’ असे घरातली वडीलधारी माणसे मायेने म्हणतात आणि रुग्णाला तेच ऐकायचे असते. शिकागोतल्या ९९ रुग्णांच्या, २००३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत नियमित गोळ्या घेणाऱ्यांपैकी ८९ टक्क्यांचा आजार शांत राहिला. चुकवणाऱ्यांमध्ये हे प्रमाण ३९ टक्के होते.

मेसालामिन पुरेनासे झाले की स्टिरॉइड येते. याच ट्रूलव्ह यांनी विट्स यांच्यासह १९५५ साली कॉर्टिसोन या स्टिरॉइडची चाचणी प्रसिद्ध केली होती. आज साधारणतः प्रेडनिसोलोन ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून काही आठवड्यांत उतरवत बंद करतात. ते उफाळलेला आजार आटोक्यात आणते, पण शांत झालेला आजार शांत ठेवत नाही. त्यामुळे जुनी चिठ्ठी दाखवून ते पुन्हा पुन्हा आणणाऱ्याच्या पदरी वाढलेली साखर, ठिसूळ हाडे आणि सुजलेला चेहरा एवढेच पडते. बुडेसोनाइड या स्टिरॉइडची मोठ्या आतड्यात उघडणारी ९ मिलिग्रॅमची गोळी त्या मानाने सौम्य, कारण शोषला गेलेला बराचसा अंश यकृत पहिल्याच फेरीत निकामी करते.

स्टिरॉइड सुटत नसेल तर ॲझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध देतात. ते गुण दाखवायला दोन-तीन महिने घेते आणि तेवढा धीर धरावा लागतो. आशियाई लोकांमध्ये, भारतीयांमध्येही, एनयूडीटी-१५ या जनुकातला बदल बऱ्यापैकी आढळतो आणि अशा व्यक्तीच्या पांढऱ्या पेशी या औषधाने धोकादायक रीतीने घटतात. सुरुवातीच्या आठवड्यांत केसांचे पुंजके हाती येऊ लागले तर तेल बदलत बसू नये, त्याच दिवशी रक्त तपासावे.

आता नव्या गोळ्या. टोफासिटिनिबला या आजारासाठी अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली, उपाडासिटिनिबला २०२२ साली. या गोळ्यांना मोठ्या आतड्यातच उघडण्याची गरज नसते. त्या रक्तात शोषल्या जातात आणि पेशींच्या आत सुजेचा निरोप पोहोचवणारी जेएके नावाची विकरे अडवतात. लुधियानाच्या दयानंद मेडिकल कॉलेजात तीव्र आजाराने दाखल झालेल्या १०४ रुग्णांवर चाचणी झाली. तीत शिरेतून दिलेल्या स्टिरॉइडच्या जोडीला टोफासिटिनिब मिळालेल्या ८३ टक्के रुग्णांना आठवड्याभरात उतार पडला; नुसत्या स्टिरॉइडवर असलेल्यांमध्ये हे प्रमाण ५९ टक्के होते. पण आपल्या देशात क्षयाचे जंतू कित्येकांच्या शरीरात सुप्त असतात, म्हणून गोळी सुरू करण्याआधी छातीचा फोटो आणि क्षयाची चाचणी टाळता येत नाही. नागीण उठण्याची शक्यता वाढते. उतारवयातले, धूम्रपान करणारे किंवा हृदयविकार असलेले यांच्यासाठी तर फार विचारपूर्वक निर्णय घ्यावा लागतो.

श्रोत्यांतून एक चिठ्ठी आली आहे: सुनेला दिवस गेले आहेत, तर गोळ्या थांबवाव्यात का? मेसालामिन थांबवू नये, कारण गरोदरपणात आजार उफाळण्याचा बाळाला असलेला धोका औषधापेक्षा मोठा आहे. सल्फासालाझिन चालू असेल तर फॉलिक ॲसिड वाढवून द्यावे लागते. ॲझाथायोप्रिन आधीपासून चालू असेल तर सहसा तसेच ठेवतात. टोफासिटिनिब आणि उपाडासिटिनिब मात्र गरोदरपणात देत नाहीत. त्यामुळे मूल हवे असा विचार असल्यास तो दिवस जाण्याआधीच आम्हाला कळावा, आणि तो सासूबाईंच्या चिठ्ठीतून कळण्यापेक्षा सूनबाईंनी स्वतः येऊन सांगितला तर फार बरे.