दीर्घिकेचे केंद्र आणि खोडदच्या तबकड्या

एप्रिलमधल्या पहाटे, साडेचारच्या सुमारास, नाशिकजवळच्या अंजनेरीच्या पठारावरून दक्षिणेकडे पाहिले, की वृश्चिकाच्या नांगीच्या थोडे वर आणि डावीकडे, धनू राशीच्या हद्दीत, आकाशगंगेचा पट्टा सर्वांत रुंद आणि दाट झालेला दिसतो. त्यातल्या काळ्या भेगा म्हणजे धुळीचे ढग आहेत. त्यांच्या पलीकडे, आपल्यापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर, आपल्या दीर्घिकेचे केंद्र आहे आणि तिथे सूर्याच्या ४० लाख पटींहून अधिक वस्तुमानाचे कृष्णविवर आहे. त्याच्याभोवती साधारण १६ वर्षांत एक फेरी पूर्ण करणाऱ्या एस-२ या ताऱ्याचा वर्षानुवर्षे माग ठेवून राइनहार्ड गेन्झेल आणि अँड्रिया गेझ यांच्या गटांनी हे वस्तुमान ठरवले, आणि २०२० च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पुरस्कारात त्या दोघांना वाटा मिळाला. आता पडद्यावर आलेले नारिंगी कडे ही त्याच कृष्णविवराची, १२ मे २०२२ रोजी प्रसिद्ध झालेली प्रतिमा आहे.

आपली संपूर्ण दीर्घिका नाशिक जिल्ह्याएवढी कल्पिली, तर हे कृष्णविवर डोळ्यांना न दिसणाऱ्या धूलिकणाएवढे भरेल. त्याच्या गुरुत्वाकर्षणाचा अंमल केंद्राभोवतीच्या काही प्रकाशवर्षांपुरताच चालतो, त्यामुळे एवढ्या लहान वस्तूचा संपूर्ण दीर्घिकेच्या जडणघडणीशी संबंध असेल, असे मानायला वरवर पाहता काही आधार नाही. तरीही २००० साली दोन स्वतंत्र गटांनी दाखवून दिले, की दीर्घिकेच्या मध्यभागच्या फुगवट्यातले तारे किती वेगाने फिरत आहेत, हे मोजले असता तिच्या केंद्रातल्या कृष्णविवराचे वस्तुमान बऱ्याच अचूकपणे सांगता येते. ज्या ताऱ्यांपर्यंत कृष्णविवराची ओढ जवळपास पोहोचतच नाही, त्यांच्या वेगाशी त्याच्या वस्तुमानाचा असा मेळ बसतो, यावरून दोघांची वाढ एकमेकांना धरून झाली असली पाहिजे, असे बहुतेक खगोलशास्त्रज्ञ मानतात. दीर्घिकांची विलीनीकरणे पुन्हा पुन्हा होत गेल्यानेही हा मेळ काही अंशी आपोआप बसू शकतो, हेही येथे नोंदवायला हवे.

कृष्णविवराला अन्न पुरवते ती दीर्घिकाच. वायू केंद्राभोवती फिरत असतो, आणि फिरण्याचा जोर कमी झाल्याशिवाय तो आत उतरत नाही. दोन दीर्घिकांची टक्कर झाली, किंवा दीर्घिकेच्या मध्यभागी ताऱ्यांचा लांबट दांडा तयार झाला, की हा जोर मोडतो आणि वायू आत सरकू लागतो. विवराभोवती त्याची तप्त तबकडी बनते, आणि आत पडणाऱ्या वस्तुमानाचा सुमारे दहावा हिस्सा ऊर्जेच्या रूपाने बाहेर पडतो. सूर्याला प्रकाश देणाऱ्या हायड्रोजनच्या संमीलनात हे प्रमाण एक टक्क्याहूनही कमी असते. मार्टेन श्मिट यांनी १९६३ साली ओळखलेला ३सी २७३ हा क्वेसार, म्हणजे असेच धगधगते दीर्घिका-केंद्र, सुमारे २४० कोटी प्रकाशवर्षांवरूनही लहान दुर्बिणीत दिसतो, तो याच ऊर्जेमुळे.

ही ऊर्जा दीर्घिकेलाच परत भिडते. तीव्र प्रारणाच्या रेट्याने वारे सुटतात आणि ताऱ्यांना जन्म देऊ शकणारा वायू बाहेर लोटला जातो. काही दीर्घिकांमध्ये केंद्रातून कणांचे दोन विरुद्ध झोत निघतात. हेबर कर्टिस यांनी १९१८ साली एम-८७ या दीर्घिकेत नोंदवलेली सरळ प्रकाशरेषा हा असाच झोत होता. ययाती तारकासमूहातल्या दीर्घिका-गुच्छात अशा झोतांनी तप्त वायूत प्रचंड पोकळ्या पाडल्या आहेत आणि त्या वायूला निवू दिलेले नाही. वायू निवला नाही तर तारे जन्मत नाहीत. आजच्या सर्वांत मोठ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांत तरुण तारे इतके विरळ का, याचे सर्वाधिक मान्य उत्तर हेच आहे.

हे झोत कधी सुरू होतात आणि कधी थांबतात, याची नोंद मात्र दृश्य प्रकाशात फारशी सापडत नाही. त्यासाठी नाशिकहून पुण्याकडे जाणाऱ्या महामार्गावर नारायणगावला वळावे लागते. जुन्नर तालुक्यातल्या खोडदच्या शेतांमधून वर आलेल्या या तबकड्या जायंट मीटरवेव्ह रेडिओ दुर्बिणीच्या आहेत. एकूण ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. त्यांपैकी १४ मध्यभागी एकवटलेल्या आहेत, तर उरलेल्या १६ तीन दिशांना पसरलेल्या असून सर्वांत दूरच्या दोन तबकड्यांमधले अंतर सुमारे २५ किलोमीटर आहे. जवळून पाहा, या तबकड्या भरीव नाहीत. पोलादी तारांची बारीक जाळी दोरांच्या चौकटीवर ताणून बसवली आहे. लांब तरंगांसाठी एवढी जाळी पुरते, वारा तिच्यातून निघून जातो आणि वजन व खर्च दोन्ही आटोक्यात राहतात. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ही रचना म्हणजे भारतीय अभियांत्रिकीचा अतिशय सुंदर नमुना आहे, असे आम्हाला मनापासून वाटते.

झोतांमधून दूर फेकलेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना रेडिओ लहरी सोडतात. झोत थांबल्यावर सर्वांत ऊर्जावान इलेक्ट्रॉन आधी थकतात, म्हणून लघु तरंगलांबीची चमक प्रथम विझते आणि लांब तरंगांवर जुने ढग कोट्यवधी वर्षे रेंगाळतात. खोडदची दुर्बीण नेमक्या याच, मीटरभर लांबीच्या तरंगांवर ऐकते. काही दीर्घिकांच्या दोन्ही बाजूंना विझत चाललेल्या ढगांची जुनी जोडी आणि तिच्या आत ताजी जोडी दिसते, म्हणजे तिथले कृष्णविवर एकदा थांबून पुन्हा जागे झालेले असते. भुजंगधारी तारकासमूहातल्या एका दीर्घिका-गुच्छात, सुमारे ३९ कोटी प्रकाशवर्षांवर, पूर्वी झालेल्या उद्रेकाने इतकी मोठी पोकळी पाडली आहे, की तिच्यात आपल्यासारख्या १५ दीर्घिका एका रांगेत मावतील. क्ष-किरणांत केवळ तिची कड दिसली होती आणि त्यावरून खात्री पटत नव्हती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोडदच्या आणि ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीच्या निरीक्षणांनी ती पोकळी रेडिओ लहरींनी भरलेली असल्याचे दाखवले, आणि शंका मिटली.

इतके क्षीण संकेत टिपणाऱ्या दुर्बिणीला मोबाइल, विजेच्या ठिणग्या, गाड्यांवरची विद्युत यंत्रणा, सगळ्यांचाच त्रास होतो. म्हणूनच पुणे-नाशिक जलद रेल्वेचा नारायणगावमार्गे आखलेला मार्ग बदलण्याची भूमिका रेल्वे मंत्रालयाने घेतली. त्यामुळे मंचर, नारायणगाव आणि संगमनेरच्या प्रवाशांची निराशा झाली आहे, आणि त्यांची सोय वेगळ्या रीतीने करायला हवी. मात्र रूळ दुसरीकडून नेता येतात, २५ किलोमीटरवर पसरलेली ही दुर्बीण उचलून दुसरीकडे नेता येत नाही.