झळ उशिरा लागते: नाशिकच्या वेल्डिंग शेडमधून

(दृश्य: अंबड औद्योगिक वसाहतीलगतची फॅब्रिकेशनची शेड, संध्याकाळ. निळसर उजेडाचे झोत पत्र्यावर उमटतात आणि विझतात.)

वेल्डिंग करणाऱ्याचे डोळे दुखायला लागतात ते बहुतेक वेळा शेडमध्ये नाही, घरी. जेवण झालेलं असतं, अंथरुणाला पाठ टेकलेली असते, आणि मध्यरात्रीच्या सुमारास डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपू लागतं. बल्बचा उजेड सहन होत नाही. पाण्याच्या धारा लागतात. पापणी उघडत नाही आणि मिटूनही चैन पडत नाही. घरातलं कुणीतरी कच्चा बटाटा किसायला घेतं, कुणी दुधाचे थेंब घालू म्हणतं.

सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या पट्ट्यात ज्या घरातला माणूस होल्डर, म्हणजे वेल्डिंगचा रॉड पकडायचा दांडा, धरतो, त्या घराला ही रात्र ओळखीची आहे. "डोळ्यांना वेल्डिंग लागली," एवढंच म्हणतात आणि सकाळची वाट बघतात.

या कामाचा हा स्वभाव आधी ओळखायला हवा. त्याची इजा बऱ्याचदा त्या क्षणी कळतच नाही. डोळ्यांची काही तासांनी कळते, धुराची संध्याकाळी किंवा थेट वीस वर्षांनी, आणि ठिणगीची शटर ओढून घरी गेल्यावर. म्हणून "इतकी वर्षं करतोय, काही झालं नाही" या वाक्यावर आम्ही विसंबायला तयार नाही.

(दृश्य: रॉडचं टोक लोखंडाला टेकतं. काळ्या काचेतून दिसणारा वितळलेल्या धातूचा ठिपका.)

लोखंड साधारण १,५०० अंश सेल्सिअसला वितळतं. रॉडचं टोक आणि जॉब, म्हणजे जोडायचं लोखंड, यांच्यामध्ये जो आर्क, म्हणजे विजेचा सलग झोत, पेटतो, त्याचं तापमान ६,००० अंशांच्या घरात किंवा त्याहून वर जातं. त्यातून दिसणारा उजेड तर निघतोच, पण न दिसणारे अतिनील किरणही निघतात. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा सर्वांत वरचा थर हे किरण भाजून काढतात. भाजलेल्या पेशी लगेच गळत नाहीत, त्याला सहा ते बारा तास लागतात. म्हणून दुपारी लागलेली झळ रात्री कळते, आणि दुपारच्या कोणत्या टाक्याला ती लागली हे आठवतसुद्धा नाही.

यात सर्वांत जास्त भरडला जातो तो हेल्पर. मिस्त्रीच्या तोंडावर हेल्मेट असतं. जॉब गुण्यात धरून बसलेल्या पोराला मात्र सांगितलं जातं, "डोळे मीट, एक टॅक मारतो." टॅक म्हणजे जोड धरून ठेवणारा छोटा टाका. तो मिटतो, पण टॅक सुटला की बघतो, आणि तेवढ्यात दुसरा पेटतो. दिवसभरात असे कितीतरी. शेडमध्ये दोन माणसं असतील तर हेल्मेटही दोन हवीत. आम्हाला विचाराल तर नव्या मशीनच्या आधी हा खर्च करावा.

काचेचंही नीट समजून घेऊ. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला साधारण ९० ते १३० अँपिअर करंट लागतो. तेवढ्यासाठी १० किंवा ११ नंबरची काळी काच चालते. करंट २०० च्या आसपास गेला तर ११ किंवा १२. रस्त्यावर मिळणारा उन्हाचा काळा चष्मा इथे निरुपयोगी आहे, एकावर एक दोन घातले तरी. नुसता वेल्डिंगचा गॉगल डोळे झाकतो, पण गाल, गळा, मान उघडी राहते आणि तिथली कातडी भाजून सोलवटते. काळ्या काचेपुढे पांढरी काच असते ती ठिणग्या झेलण्यासाठी. ती खडबडीत झाली की बदलायची. नाहीतर जॉब दिसत नाही म्हणून माणूस हेल्मेट वर करतो आणि टॅक तसाच मारतो.

आपोआप काळी होणारी हेल्मेटं आता नाशिकच्या हार्डवेअरच्या दुकानांत सहज मिळतात. चांगल्या हेल्मेटमध्ये काच उजळ असतानाही अतिनील किरण अडवणारा थर काम करत असतो. पण घेताना त्यावर मानकाचा उल्लेख आहे का ते पाहावं. भारतीय मानक आयएस ११७९, किंवा अशा काचांसाठीचं युरोपीय मानक ईएन ३७९.

रस्त्याकडेला काम असेल तर आडोसा लावा. पत्र्याचा असला तर तो गडद आणि बिनचकाकीच्या रंगाने रंगवा, कारण कोऱ्या पत्र्यावरून हे किरण उलटतात आणि हेल्मेटच्या मागच्या बाजूने आत येतात. शाळा सुटलेली मुलं थांबून तो निळा उजेड बघतात. त्यांना हाकलण्यापेक्षा आडोसा बरा.

आणि डोळ्यांना लागलीच, तर बटाटा-दूध नको. बाहेरचं काही डोळ्यात गेलं तर जंतुसंसर्गाची भीती असते. थंड ओली घडी बाहेरून ठेवा, अंधारात पडून राहा, डोळे चोळू नका आणि नेत्रतज्ज्ञाला दाखवा. बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत आराम पडतो. मेडिकलमधून बधिर करणारे थेंब आणून पुन्हा पुन्हा घालणं हा तर मोठाच धोका. दुखणं थांबतं, पण जखम भरायची राहते आणि पडदा कायमचा खराब होऊ शकतो. दोन दिवसांनीही खुपत असेल, तर ग्राइंडरचा कण रुतलेला असण्याची शक्यता धरा. ग्राइंडिंग करताना आणि स्लॅग, म्हणजे जोडावरची काळी खपली, झाडताना पांढरा गॉगल हवा, तो यासाठीच.

(दृश्य: पावसाळा. त्र्यंबकेश्वर रस्त्यालगतचं बांधकाम. ओल्या जमिनीवर पसरलेली केबल.)

शॉक मात्र उशिरा येत नाही. तो दुसरी संधीही देत नाही.

आर्क चालू असताना मशीनचं व्होल्टेज वीस-तीसच्या आसपास असतं. आर्क बंद असताना, म्हणजे होल्डर हातात आहे आणि नवा रॉड लावतोय अशा वेळी, ते ५० ते १०० पर्यंत चढलेलं असतं. कोरड्या हाताला नुसत्या झिणझिण्या येतात, म्हणून माणूस निर्ढावतो. पण घामाने भिजलेला शर्ट, ओला हातमोजा, पायाखाली चिखल आणि पाठ लोखंडी ट्रॉलीला टेकलेली, असा मेळ जमला की शरीराचा विजेला होणारा विरोध कमी होतो आणि तेवढंच व्होल्टेज हृदयाची लय बिघडवायला पुरतं. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनचा एसी करंट यात जास्त घातक.

एक गैरसमज फार पसरलेला आहे. बोर्डावर आरसीसीबी, म्हणजे वीज गळाली की पुरवठा तोडणारी कळ, बसवली की झालं, असं लोक समजतात. ती बसवायलाच हवी, पण ती मशीनच्या अलीकडच्या, म्हणजे मेनच्या बाजूचाच दोष पकडते. ट्रान्सफॉर्मरची होल्डरकडची गुंडाळी मेनपासून वेगळी असते, त्यामुळे होल्डरमधून लागलेला शॉक तिला दिसत नाही. तिथे कोरडे चामडी हातमोजे, रबरी तळाचे बूट, खाली लाकडी फळी किंवा रबरी मॅट, आणि जबड्याचं फायबर शाबूत असलेला होल्डर, याच गोष्टी वाचवतात.

मेनच्या बाजूचं दृश्य याहून भीतीदायक आहे. मळ्यात काम निघतं, पिन जुळत नाही, मग दोन उघड्या वायरी सॉकेटमध्ये खुपसून काडीने दाबतात. तिसरी वायर, अर्थिंगची, लोंबत राहते. मशीनच्या आत कुठे इन्सुलेशन गेलं की मशीनचा डबाच जिवंत होतो, आणि आता त्यात २३० किंवा ४१५ व्होल्ट असतात. तिसरी वायर जोडल्याशिवाय मशीन सुरू करू नये.

जॉबला लावायचा अर्थिंगचा चिमटा (क्लॅम्प) ही निराळी गोष्ट. तो जॉबलाच, जोडाच्या शक्य तितक्या जवळ लावायचा. दूरच्या शटरला किंवा बांधकामाच्या सळीला लावला, तर करंट मिळेल त्या वाटेने परततो. वाटेत सैल सांधा आला की तो तापतो, बेअरिंग आलं की ते खराब होतं. ट्रॅक्टरवर काम करायचं तर आधी बॅटरी सोडवा. आणि टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग कधीही करू नका. हवा सोडली तरी नाही. आतलं रबर तापून वायू साचतो आणि टायर स्फोटासारखा फुटतो. टायर पूर्ण उतरवूनच रिमला हात लावायचा.

शॉक लागलेल्या माणसाला थेट धरू नका. आधी मेन बंद. श्वास चालत नसेल तर छाती दाबायला सुरुवात करा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

(दृश्य: दिंडोरी तालुका. पॉलिहाउसचा सांगाडा. जोडातून उठणारा पांढरा धूर.)

आता धूर. पॉलिहाउसला गंजू नये म्हणून जस्ताचा मुलामा दिलेले जीआय पाइप वापरतात. जस्त ९०७ अंशांना उकळतं, म्हणजे लोखंड वितळण्याच्या कितीतरी आधी ते वाफ होऊन हवेत गेलेलं असतं. हवेत त्याचा पांढरा धूर होतो. दिवसभर तो घेतलेल्या माणसाला संध्याकाळी तोंडात धातूची गोडसर चव जाणवते, मग हुडहुडी, ताप, अंग मोडून येणं. घरी मलेरियाची शंका घेतात. एक-दोन दिवसांत उतरतं, म्हणून डॉक्टरला वेल्डिंगचं सांगायचं राहून जातं. ते जरूर सांगावं.

यावर आपल्याकडचा तोडगा म्हणजे गूळ आणि दूध. दूध प्यायलं की धूर बाधत नाही, असं मालकही सांगतात आणि कामगारही मानतात. दूध पोटात जातं, धूर फुप्फुसात. मालकाने दूध जरूर द्यावं, पण मास्कऐवजी नको.

करायचं ते असं. जोडाच्या दोन्ही बाजूंचा जस्ताचा थर किंवा रंग आधी ग्राइंडरने काढा, आणि तेव्हाही मास्क असू द्या. वारा बाजूने येईल असं बसा. धूर सरळ वर चढतो, तेव्हा डोकं जोडाच्या नेमकं वर आणू नका. तोंडाला बांधलेला रुमाल हा बारीक धूर अडवत नाही. आयएस ९४७३ मानकाचा, एफएफपी २ दर्जाचा मास्क अडवतो, तोही चेहऱ्याला घट्ट बसला तरच. आणि ज्या भागावर ब्रेक क्लीनरसारखं क्लोरीनचं द्रावण मारलं आहे, तो पुसून पूर्ण सुकल्याशिवाय आर्क पेटवू नका. त्याच्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

२०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने वेल्डिंगच्या धुराला पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध झालेल्या गोष्टींत. स्टेनलेस स्टीलच्या धुरात तर घातक स्वरूपातलं क्रोमियम असतं. नाशिकला वायनरी आहेत, दुधाचे प्रकल्प आहेत, त्यांच्या टाक्या याच धातूच्या. अशा बंद टाकीत उतरून काम करायचं असेल तर आधी आतली हवा तपासायला हवी, हवा खेळती ठेवायला हवी आणि बाहेर एक माणूस सतत उभा हवा. द्राक्षरस आंबताना निघालेला कार्बन डायऑक्साइड टाकीत साचून राहतो, आणि त्याने माणूस हाक मारायच्या आत कोसळतो. त्याच्यामागे धावत उतरणारा दुसराही कोसळतो. बंद जागांतल्या विषारी वायूंबद्दल १९४८ च्या कारखाने कायद्याने ३६ व्या कलमात लिहून ठेवलं, पण गल्लीतल्या शेडपर्यंत ते क्वचितच पोहोचलं.

(दृश्य: निफाडकडचं पॅकहाउस. पुठ्ठ्याची खोकी, थर्माकोल. वर छताच्या अँगलवर वेल्डिंग.)

ठिणगी दहा-अकरा मीटरपर्यंत उडू शकते. उंचावरून पडली तर आणखी लांब जाते. द्राक्षाच्या हंगामाआधी पॅकहाउसची दुरुस्ती निघते तेव्हा खाली काय असतं? खोकी, थर्माकोल, प्लॅस्टिक. मळ्यातल्या शेडमध्ये कडबा असतो, आणि कोपऱ्यात द्राक्षावरच्या भुरी रोगासाठी आणलेल्या गंधकाच्या गोण्या. गंधक सहज पेट घेतं आणि जळताना घसा-फुप्फुसं पोळवणारा सल्फर डायऑक्साइड सोडतं. हे सगळं आधी बाहेर काढा. जे हलत नाही ते ताडपत्रीने नव्हे, आग न धरणाऱ्या ब्लँकेटने झाका. अंगावर जाड सुती कपडे असावेत. पॉलिस्टरचा टी-शर्ट ठिणगीने वितळतो आणि कातडीला चिकटतो. पँट बुटावर सोडलेली हवी, खिशात लायटर नको.

रिकाम्या डिझेलच्या पिंपाला तर हातच लावू नये. पिंप रिकामं दिसतं, पण शिवणीत आणि गंजाच्या थरात राहिलेलं डिझेल आर्कच्या उष्णतेने वाफ होतं आणि झाकण लावलेलं पिंप बॉम्ब ठरतं. वास येत नाही, ही खात्री नव्हे. गिऱ्हाईकाने कितीही गळ घातली तरी तेलाचं पिंप कापायचं काम नाकारण्यात कारागिराचं काही कमी होत नाही.

शेवटचा जोड झाला की मशीन बंद करून लगेच निघायची पद्धत आहे. भुशात किंवा पुठ्ठ्याच्या गठ्ठ्यात गेलेली ठिणगी मात्र तासभर धुमसू शकते. अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या मानकात, एनएफपीए ५१ बी मध्ये, काम संपल्यावर आधी अर्धा तास पहारा सांगितला होता. २०१९ च्या आवृत्तीत तो एक तास केला. तेवढा वेळ कुणीतरी पाण्याची बादली आणि अग्निशामक सिलिंडर घेऊन थांबायला हवं. भिंतीच्या पलीकडची बाजू, छताची पोकळी, खालचा मजला फिरून पाहायला हवा.

२०२७ च्या सिंहस्थासाठी शहरात रेलिंग, मांडव, तात्पुरत्या शेड यांची कामं रात्रंदिवस चालणार, आणि प्रत्येक कामावर उतरण्याची घाई असणार. काम देणाऱ्यांनी दर ठरवतानाच हा पहाऱ्याचा तास मजुरीत धरावा, आणि हेल्परचं हेल्मेटही.