पाल आजारी पडली तर

नमस्कार मंडळी. न्यू जर्सीतल्या आमच्या घरात काचेच्या पेटीत एक पाल राहते. लेपर्ड गेको. पुण्याच्या आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवली, तर ती म्हणाली, "अगं, पाली हाकलायच्या असतात, पाळायच्या नसतात!" अंगावर पाल पडली तर काय होतं, ते तिच्या पंचांगात आहे. पाल आजारी पडली तर काय करायचं, ते मात्र नाही.

गेल्या हिवाळ्यात तिने खाणं सोडलं. या पालीची चरबी शेपटीत साठते. ती शेपटी रोडावलेली दिसली आणि माझ्या मनातली पाल चुकचुकली. जवळच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर भले, पण हात बसलेला कुत्र्यामांजरांवर. त्यांनी तिला कुत्र्यांच्या काट्यावर ठेवलं. आकडा शून्यावरून हलेना! मग औषध अंदाजाने. मी ते दिलंच नाही.

अमेरिकेत सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरांची 'असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अ‍ॅम्फिबियन व्हेटरिनेरियन्स' ही संस्था आहे. तिच्या संकेतस्थळावर जवळचा सदस्य शोधता येतो. सदस्यत्व म्हणजे काही परीक्षा नव्हे, म्हणून मी फोनवर सरळ विचारलं, "गेको किती येतात तुमच्याकडे?" एकीकडून उत्तर आलं, "येतात कधीकधी." दुसरीकडून उलट प्रश्न आला, "पेटीचा फोटो आहे? ताजी विष्ठा पिशवीत आणाल?" तिथे गेले.

पाल थंडीत न्यायची, म्हणून भोकं पाडलेल्या डब्यात पेपर टॉवेल घातला आणि डबा जॅकेटच्या आत धरला. शेपटीला हात लावायचा नाही, घाबरली तर तोडून टाकते.

या बाईंनी आधी ग्रॅमचा काटा काढला. 47 ग्रॅम. विष्ठा सूक्ष्मदर्शकाखाली गेली, जंत नव्हते. भिंगातून बोटं पाहिली. एका बोटावर जुन्या कातडीचं कडं अडकलं होतं. ते आवळत गेलं की रक्त थांबतं आणि बोट गळतं. कोमट पाण्यात भिजवून त्यांनी ते अलगद सोडवलं. मग विचारलं, "उबदार कोपऱ्यात जमिनीचं तापमान किती?" मी काचेवरच्या तापमापकाचा आकडा सांगितला. त्या हसल्या. घरी जमिनीवर मोजलं, तर 90 फॅरनहाइट हवं तिथे 75. खालची गरम चटई बंद पडली होती. ऊब नसेल तर या जिवाला खाल्लेलं पचत नाही.

नवी चटई आली. नवव्या दिवशी तिने अळी पकडली.

निघताना मी विचारलं, रात्री काही झालं तर? सगळे इमर्जन्सी दवाखाने पाली बघत नाहीत. त्यांनी बघणाऱ्या एकाचा नंबर लिहून दिला. तो कागद फ्रिजवर लावलाय, पिझ्झावाल्याच्या नंबराशेजारी.