तिकिटातली बारीक ओळ

(पडद्यावर: मोबाइलवर मुंबई–नागपूर तिकीट. बोट 'भाड्याचा तपशील' उघडतं.)

मूळ भाडं, जीएसटी, आणि खाली बारीक अक्षरात दोन ओळी: एएसएफ आणि यूडीएफ. बहुतेक जण या दोन्हींना 'टॅक्स' म्हणतात आणि पुढे सरकतात.

एएसएफ म्हणजे सुरक्षा शुल्क. देशांतर्गत प्रवासाला २०० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून २३६. हा पैसा विमानतळावरच्या सुरक्षाव्यवस्थेचा, त्यातून इमारत उभी राहत नाही. इमारत, धावपट्टी, सामानाचे पट्टे यांचा पैसा दुसऱ्या ओळीत असतो. यूडीएफ, म्हणजे यूजर डेव्हलपमेंट फी. मुंबईत १६ मे २०२५ पासून देशांतर्गत विमानाने निघणाऱ्याला १७५ रुपये आणि उतरणाऱ्याला ७५. जीएसटी लागला की १७५ चे २०६ रुपये ५० पैसे होतात. दरपत्रकातला आकडा आणि तिकिटावरचा आकडा जुळत नाही तो यामुळे.

(पडद्यावर: नवी मुंबई विमानतळ, कमळाच्या आकाराचं छत.)

खाडीपलीकडे हाच दर निघताना ६२० आणि उतरताना २७०. एक फेरी करून परत आलात तर नवी मुंबईत ८९० रुपये, जीएसटीसह १,०५० रुपये २० पैसे. जुन्या विमानतळावर त्याच फेरीला जीएसटीसह २९५. (हे दर २०२५ मध्ये ठरले, नवी मुंबईचे तर तात्पुरते म्हणूनच.)

एवढा फरक का, हे कळायला हिशेब मांडावा लागतो.

(पडद्यावर: कोरा कागद, पेन्सिल.)

मोठ्या विमानतळांचे दर तो चालवणारी कंपनी स्वतः ठरवत नाही. ते एरा ठरवते, म्हणजे विमानतळ आर्थिक नियामक प्राधिकरण. २००८ च्या कायद्यातून ही संस्था आली. वर्षाला १५ लाख प्रवासी असले की विमानतळ मोठा, अशी तेव्हाची व्याख्या होती. २०१९ मध्ये ती मर्यादा ३५ लाखांवर गेली. दर पाच-पाच वर्षांच्या टप्प्यासाठी ठरतात.

एक काल्पनिक विमानतळ घेऊ. मालमत्ता १,००० कोटींची. त्यावर १२ टक्के परतावा धरला तर १२० कोटी. घसारा, म्हणजे मालमत्तेची झीज, तीस वर्षांत विभागला की वर्षाला ३३ कोटी. पगार, वीज, देखभाल १०० कोटी. आयकर १५ कोटी. बेरीज २६८. आता दुकानं, जाहिराती, वाहनतळ यांचं उत्पन्न १०० कोटी आहे समजा. त्यातले फक्त ३० टक्के, म्हणजे ३० कोटी, या बेरजेतून वजा होतात. उरले २३८ कोटी. वर्षाला ५० लाख प्रवासी असतील तर माणशी ४७६ रुपये.

हे ४७६ सगळे यूडीएफमधून येत नाहीत. लँडिंग आणि पार्किंगचं शुल्क विमान कंपन्या भरतात. त्यातून जे भागत नाही ते प्रवाशावर.

आता फक्त प्रवासी बदला. ५० ऐवजी ४० लाख आले तर तेच २३८ कोटी माणशी ५९५ रुपये होतात. ६० लाख आले तर ३९७. नवी मुंबईचं कोडं इथेच सुटतं. मालमत्ता कोरी, घसाऱ्याने अजून झिजलेली नाही. पहिल्या टप्प्याचा खर्च सुमारे १९,६५० कोटी, क्षमता वर्षाला २ कोटी प्रवाशांची, आणि २५ डिसेंबर २०२५ ला पहिलं प्रवासी विमान उडालं तेव्हा तो खर्च वाटून घ्यायला माणसंच कमी. वर मोठा आकडा, खाली लहान.

त्या ३० टक्क्यांवरच खरी रस्सीखेच चालते. एकच गल्ला मानला, तर दुकानांचं सगळं उत्पन्न विमानतळाच्या खर्चातून वजा होईल आणि प्रवाशाचा दर उतरेल. दोन गल्ले वेगळे ठेवले, तर काहीच वजा होणार नाही. आपल्याकडे मधला मार्ग आहे: दुसऱ्या गल्ल्यातले ३० टक्के पहिल्यात. मुंबई आणि दिल्लीचे विमानतळ खासगी कंपन्यांना चालवायला देणाऱ्या २००६ च्या करारांत तो होता, २०१६ च्या हवाई धोरणाने तो बाकीच्यांनाही लावला. म्हणून टर्मिनलवर महागडी कॉफी घेणारा माणूस पुढच्याचं तिकीट थोडं स्वस्त करतो. थोडंच.

प्रवाशाने दिलेले सगळे पैसे विमानतळ चालवणाऱ्याकडेही राहत नाहीत. मुंबईच्या करारात महसुलाचा ३८.७ टक्के वाटा भारतीय विमानतळ प्राधिकरणाला जातो. यूडीएफ हा महसूलच, तेव्हा १७५ मधले जवळपास ६८ रुपये तिकडे.

(पडद्यावर: टर्मिनल दोनचे पांढरे खांब.)

यूडीएफमध्ये आधी बांधायचं, मग वसूल करायचं. याच मुंबईत उलटंही झालं आहे. १ एप्रिल २००९ पासून 'विकास शुल्क' सुरू झालं: देशांतर्गत १०० रुपये, आंतरराष्ट्रीय ६००. दिल्लीत महिनाभर आधीच, २०० आणि १,३००. भांडवल आणि कर्ज मिळूनही प्रकल्पाचा खर्च भागत नव्हता, ती तूट प्रवाशाकडून आगाऊ भरून घेतली गेली. टर्मिनल दोन प्रवाशांना खुलं झालं फेब्रुवारी २०१४ मध्ये. मधल्या काळात कित्येकांनी पैसे जुन्या, गर्दीच्या इमारतीत उभं राहून भरले, आणि नवी इमारत त्यांनी कदाचित पाहिलीही नसेल.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २६ एप्रिल २०११ च्या निकालाने ही वसुली बेकायदा ठरवली. मुद्दा रकमेचा नव्हता. केंद्र सरकारने फेब्रुवारी २००९ मध्ये नुसत्या पत्राने दर मंजूर केले होते. न्यायालय म्हणालं, हे सेवेचं मोल नाही, कराच्या जातीची आकारणी आहे, आणि तिचा दर कायद्याने नेमलेल्या वाटेनेच ठरायला हवा. मोठ्या विमानतळांपुरती ती वाट म्हणजे एरा. पुढे एराच्या आदेशाने मुंबईत हे शुल्क पुन्हा आलं. विमानतळावरच्या मेट्रो स्थानकांसाठीही प्रवाशांकडून देशांतर्गत २० आणि आंतरराष्ट्रीय १२० रुपये घेतले गेले.

आगाऊ वसुलीची एक बाजू खरी आहे. रोख आधी मिळाली की कर्ज कमी, व्याज कमी. पण व्याज वाचतं उद्याच्या प्रवाशाचं, पैसे जातात आजच्याचे.

(पडद्यावर: रिकामे चेक-इन काउंटर.)

आता बिघडतं कुठे ते पाहू. प्रवाशांचा अंदाज चुकला की तूट पुढच्या टप्प्यात ढकलली जाते. मागच्या टप्प्याचा ताळा पुढच्यात जुळवायचा, असा नियमच आहे. कोविडच्या वर्षांत टर्मिनल ओस पडली, खर्च मात्र थांबला नाही. ती थकबाकी नंतर उडणाऱ्यांच्या दरात शिरली. दुसरं, विमानतळ कामं यादीत दाखवतो, त्यांच्या जोरावर दर घेतो, आणि काम वेळेत होत नाही. त्यावर एराचा चाप आहे: न झालेल्या कामाच्या खर्चाच्या १ टक्का रक्कम पुढच्या हिशेबातून कापायची. आमच्या मते हा चाप सौम्य आहे.

तिसरं, पैसा प्रवाशाकडून थेट विमानतळाकडे जात नाही, मध्ये विमान कंपनी असते. ती आधी तिकिटात वसूल करते, बिल आलं की भरते. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची विमानं जमिनीवर आली, तेव्हा भारतीय विमानतळ प्राधिकरणाचंही देणं थकलं होतं.

आणि चौथं म्हणजे सुनावणी. दर ठरण्याआधी एरा सल्लापत्र जाहीर करते, हरकती मागवते, बैठक घेते. विमान कंपन्यांच्या संघटना तयारीनिशी येतात. प्रवाशाची खुर्ची बहुधा रिकामी. मुंबईच्या चालू टप्प्यासाठी आलेल्या प्रस्तावात विमानांच्या लँडिंग आणि पार्किंगच्या दरात सुमारे ३५ टक्के कपात सुचवली होती, आणि प्रवाशाच्या शुल्कात वाढ.

(पडद्यावर: पुन्हा तेच तिकीट, आता 'रद्द करा'चं बटण.)

दोन वर्षांखालचं मूल, त्या विमानावर कामावर असलेले वैमानिक आणि कर्मचारी, सैन्यदलांच्या विमानाने सरकारी कामावर जाणारे, राजनैतिक पासपोर्टधारक यांना यूडीएफ लागत नाही. एकाच तिकिटावर चोवीस तासांच्या आत विमान बदलणाऱ्याला मधल्या विमानतळाचं शुल्क लागत नाही. तिकीट दोन वेगळी काढलीत, तर लागतं.

आणि विमान चुकलं किंवा तिकीट रद्द केलं, तर हे शुल्क परत मिळायलाच हवं. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम तसा आहे, सवलतीच्या 'परतावा नाही' तिकिटालाही तो लागू होतो. रद्द करण्याचा आकार मूळ भाडं आणि इंधन अधिभार यांच्या पलीकडे जाऊ शकत नाही. परतावा शून्य दिसला, तर तपशील उघडा, यूडीएफ आणि एएसएफची रक्कम लिहून घ्या, आणि नेमकी तेवढी मागा.