चौथ्या दिवसाचा वाडगा : टर्कीचा खिमा, भाज्या आणि आठवड्याची तयारी

मित्रहो,

आठवडाभराच्या जेवणाची तयारी एकाच दिवशी करून ठेवायची म्हटले, की आपले सारे लक्ष त्या दिवशीच्या स्वयंपाकाकडे लागते. पदार्थ शिजला, चव घेतली, छान झाला, डबे भरले आणि काम संपले, असे आपण समजतो. माझे म्हणणे असे, की हा पदार्थ करण्याच्या दिवशी कसा लागतो याला फारसे महत्त्व नाही. तो चौथ्या दिवशी, फ्रीजमधून काढून पुन्हा गरम केल्यावर कसा लागतो आणि तोवर खाण्यास सुरक्षित राहतो की नाही, यावर त्याचे बरेवाईट ठरायला हवे. टर्कीचा खिमा, भरपूर भाज्या आणि एखादे धान्य असा वाडगा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे, कारण त्यातला प्रत्येक घटक थंड होताना आणि पुन्हा तापताना वेगळा वागतो.

आधी प्रमाणाचे पाहू. १ किलो कच्चा खिमा शिजवल्यावर पाणी आणि चरबी सुटून साधारण पाऊण किलो उरतो, म्हणजे प्रत्येकी १२५ ग्रॅमचे सहा वाटे होतात. खिम्यात ७ टक्के चरबी असेल, तर अशा एका वाट्यातून ३० ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. एका प्रौढ माणसाच्या जेवणाला तेवढी पुरेशी आहेत. सहा वाडग्यांसाठी दीड किलो कच्च्या भाज्या आणि साडेतीनशे ग्रॅम कोरडा ब्राऊन राइस, बार्ली किंवा किनोआ घ्यावा. भाजल्यावर भाज्या पुष्कळ आटतात, त्यामुळे कच्च्या दिसताना त्या जास्त वाटल्या तरी हात आखडू नये. प्रत्येक वाडग्यात अर्धी वाटी शिजवलेला राजमा किंवा हरभरे घातले, की तंतुमय पदार्थ १० ग्रॅमच्या वर जातात. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतुमय पदार्थ सुचवते, हे ध्यानात घेतले तर एका जेवणातून झालेली ही मिळकत मोठी आहे.

खिमा निवडताना बरेच जण सर्वांत कमी चरबीचा, म्हणजे फक्त छातीच्या मांसाचा, १ टक्का चरबीचा खिमा उचलतात. आरोग्याच्या हेतूने हे समजण्यासारखे आहे, तरी साठवणुकीच्या जेवणासाठी मी त्याचा आग्रह धरणार नाही. चरबी जवळजवळ नसलेला खिमा पहिल्या दिवशीच कोरडा असतो आणि पुन्हा गरम केल्यावर भुशासारखा लागतो. मग तो घशाखाली उतरावा म्हणून माणूस त्यावर सॉस ओतत राहतो आणि वाचवलेल्या चरबीच्या बदल्यात मीठ व साखर पोटात जाते. छाती आणि मांडीचे मांस मिसळलेला, ७ टक्क्यांच्या आसपास चरबीचा खिमा घ्यावा. मांडीच्या मांसात लोह आणि जस्त अधिक असते, हा वेगळा लाभ. कच्चा खिमा फ्रीजमध्ये एक-दोन दिवसच टिकतो, म्हणून स्वयंपाकाचा दिवस ठरवूनच तो आणावा. आणि तो धुऊ नये. धुतल्याने जंतू जात नाहीत, उलट उडणाऱ्या थेंबांबरोबर ते सिंकमध्ये, ओट्यावर आणि शेजारी ठेवलेल्या भाज्यांवर जाऊन बसतात.

आता प्रत्यक्ष शिजवण्याकडे येऊ. १ किलो खिमा घाईने एकदम पॅनमध्ये टाकला, की त्याला पाणी सुटते आणि खिमा त्या पाण्यात करड्या रंगाचा होऊन उकडला जातो. पाणी आहे तोवर तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर चढत नाही, आणि ज्या प्रक्रियेने मांसाला खमंग तपकिरी रंग व वास येतो ती साधारण १४० अंशांच्या पुढे वेग घेते. लुई कामिल मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १९१२ साली या प्रक्रियेचे वर्णन केले आणि तिला त्याचेच नाव मिळाले. म्हणून खिमा दोन किंवा तीन घाण्यांत परतावा. जाड बुडाचा पसरट पॅन चांगला तापवावा, थोडे तेल घालावे, खिमा हाताने जाडसर थापून पसरावा आणि मग तीन-चार मिनिटे त्याला अजिबात हात लावू नये. कडेने तपकिरी झाक दिसू लागली आणि चुरचुरण्याचा आवाज ओला न राहता कोरडा झाला, की उलथन्याने तो उलटवून मोडावा. तुकडे अगदी बारीक करू नयेत. वाटाण्याएवढे किंवा त्याहून किंचित मोठे राहू द्यावेत, कारण तुकडा जितका बारीक तितका तो दुसऱ्यांदा तापवताना लवकर वाळतो.

येथे दोन बारकावे सांगतो, आणि ते करून पाहावेत असा माझा आग्रह आहे. पहिला सोड्याचा. १ किलो खिम्याला अर्धा लहान चमचा खाण्याचा सोडा दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवून चोळावा आणि पंधरा मिनिटे ठेवावा. त्याने मांसाची आम्लता कमी होते, प्रथिने आकसून पाणी बाहेर पिळत नाहीत आणि रंगही चांगला येतो. दुसरा बारकावा मिठाचा. मीठ आधी घालून खिमा मळला, तर मांसातली काही प्रथिने विरघळून एकमेकांना चिकटतात आणि सॉसेजसारखा रबरी गोळा होतो, म्हणून मीठ खिमा मोडून रंग आल्यावरच घालावे. १ किलोला ८ ग्रॅम पुरते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे आणि एका मोठ्या चमचाभर सोया सॉसमध्येच २ ग्रॅमहून अधिक मीठ असते. सोया सॉस वापरायचा असेल, तर खिम्यातले मीठ त्या मानाने कमी करावे.

खिमा शिजला हे रंगावरून ओळखू नये. टर्कीचे मांस कधी पूर्ण शिजूनही गुलाबी राहते, तर कधी पुरेसे शिजण्याआधीच तपकिरी दिसते. अखंड मांसावरचे जंतू बहुतांशी पृष्ठभागावर असतात, पण दळताना तो पृष्ठभाग सगळीकडे मिसळला जातो, त्यामुळे साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टरसारखे जंतू खिम्याच्या आतपर्यंत पोहोचलेले असू शकतात. म्हणून खिमा आतपर्यंत किमान ७४ अंश सेल्सिअस तापायलाच हवा. मोकळ्या खिम्यात थर्मामीटर खुपसून नीट मोजता येत नाही. त्यासाठी खिमा पॅनच्या एका कडेला सारून दाट ढीग करावा, थर्मामीटरचे टोक त्याच्या मध्यभागी रोवावे आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावे. थर्मामीटर ही चैनीची वस्तू आहे असे मी मानत नाही. आठवड्याचे अन्न एकदम शिजवणाऱ्याच्या घरी तो चाकूइतकाच गरजेचा आहे.

यानंतरचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्याविषयी फार कमी बोलले जाते. शिजवलेली टर्की एक-दोन दिवस फ्रीजमध्ये राहून पुन्हा गरम केली, की तिला एक शिळा, पुठ्ठ्यासारखा वास येतो. अनेकांना वाटते की मांस खराब होऊ लागले. खरे पाहता हा जंतूंचा उद्योग नसून ऑक्सिजनचा आहे. टर्कीच्या स्नायूंतील पेशींच्या आवरणात असंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात, शिजवताना मांसातले लोह मोकळे होते आणि ते लोह या मेदाम्लांच्या ऑक्सिडीकरणाला चालना देते. दळल्यामुळे हवेशी संपर्क वाढलेला असतोच. हे बिघडणे पहिल्या अठ्ठेचाळीस तासांतच जाणवते, म्हणजे नेमके आपण तिसरा डबा उघडतो तेव्हा.

ते पूर्ण थांबवता येत नाही, मात्र चांगलेच रोखता येते. रोझमेरी, ओरेगॅनो, थाइम यांसारख्या पानांमध्ये ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्ये असतात. ती सजावटीसाठी वरून भुरभुरण्याऐवजी खिमा परतताना तेलातच घालावीत. कांदा आणि लसूण यांचीही मदत होते. खरपूस परतलेल्या खिम्यावर तयार होणारी तपकिरी द्रव्येसुद्धा काही प्रमाणात हेच काम करतात, त्यामुळे रंग येईपर्यंत थांबण्याला चवीपलीकडचे कारण आहे. त्याशिवाय खिमा कोरडा न ठेवता थोड्या टोमॅटोच्या रसात किंवा दाट सॉसमध्ये घोळवून डब्यात दाबून भरावा, म्हणजे हवेला वाव उरत नाही. बारीक चिरलेले मशरूम खिम्याच्या पाव हिश्शाइतके घातले, तर ओलावा टिकतो आणि मिठाची गरजही कमी होते. माझ्या मते ज्यांना साठवलेली टर्की आवडत नाही, त्यांची तक्रार टर्कीविषयी नसून या वासाविषयी असते.

भाज्यांचा नियम वेगळा आहे. त्या दोनदा तापणार आहेत, म्हणून पहिल्यांदा पूर्ण शिजवू नयेत. ब्रोकोली, फ्लॉवर, गाजर, सिमला मिरची, फरसबी, रताळे या भाज्या साठवणुकीला उत्तम. झुकिनी, पिकलेले टोमॅटो आणि वांगी पाणी सोडून बाकीचा वाडगा ओला करतात, त्यामुळे त्यांना वगळावे किंवा थेट खिम्याच्या रसात शिजवून टाकावे. ओव्हन २२० अंशांवर तापवून भाज्या ट्रेवर एकाच थरात, एकमेकींना न चिकटवता पसराव्यात. दाटीवाटीने ठेवल्या, तर त्यांच्याच वाफेत त्या मऊ पडतात. रताळे आणि गाजर यांना ब्रोकोलीपेक्षा दहा मिनिटे आधी आत जाऊ द्यावे. ब्रोकोलीचा देठ सुरीच्या टोकाला अजून थोडा विरोध करतो आहे, अशा वेळी ट्रे बाहेर काढावा. राहिलेले शिजणे गरम करताना होईल. तेल थोडे का होईना घालावेच, कारण गाजर आणि रताळ्यातले कॅरोटिन शरीरात शोषले जाण्यासाठी चरबी लागते.

लिंबू मात्र त्या दिवशी पिळू नये. आम्ल आणि उष्णता एकत्र आली, की हरितद्रव्यातील मॅग्नेशियमचा अणू निघून जातो आणि हिरवीगार फरसबी मळकट शेवाळी रंगाची दिसू लागते. लिंबू, व्हिनेगर, दही घातलेला सॉस, कोवळा पालक, काकडी आणि कोथिंबीर या साऱ्या गोष्टी जेवतानाच्या आहेत. त्यांची वेगळी छोटी डबी करावी. पालकातले क जीवनसत्त्वही त्यामुळे दोन वेळा तापण्यापासून वाचते.

धान्याबद्दल थोडक्यात सांगतो, कारण शिजवण्यात विशेष काही नाही. दाणे मोकळे आणि किंचित कणखर असावेत, एवढेच. धोका शिजवल्यानंतरचा आहे. भातात बॅसिलस सिरियस या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते उकळूनही मरत नाहीत, आणि भात तासन् तास कोमट राहिला तर ते वाढून विष तयार करतात. त्यातले उलट्या घडवणारे विष पुन्हा गरम केल्याने नष्ट होत नाही. मांसाच्या मोठ्या भांड्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स या जंतूचे बीजाणूही असेच शिजवण्यातून वाचतात आणि मांस कोमट राहिले की वाढतात. म्हणजे अन्न किती वेळ शिजवले याइतकेच ते किती लवकर थंड केले याला महत्त्व आहे.

५ ते ६० अंशांच्या दरम्यान जंतू झपाट्याने वाढतात, म्हणून शिजवल्यापासून दोन तासांच्या आत अन्न फ्रीजमध्ये गेले पाहिजे, आणि भोवतालचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एका तासात. खोल पातेल्यातला खिमा झाकून ठेवला, तर त्याचा मध्यभाग कित्येक तास कोमट राहतो. त्याऐवजी तो ट्रेमध्ये पातळ थरात पसरावा, तशाच दुसऱ्या ट्रेमध्ये भात पसरावा, वाफ ओसरू द्यावी आणि मग पाच सेंटिमीटरपेक्षा कमी खोलीच्या डब्यांत भरावा. वाफ असताना झाकण लावले, की झाकणाखाली पाणी जमते आणि ते भाज्यांवर ठिबकते. फ्रीजचे तापमान ४ अंश किंवा त्याहून कमी आहे ना, हे आत थर्मामीटर ठेवून एकदा पाहून घ्यावे.

डबे भरताना खिमा आणि भात शेजारी शेजारी ठेवले तरी चालते, भाज्या मात्र वेगळ्या कप्प्यात असाव्यात. आणि येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी : शिजवलेला खिमा फ्रीजमध्ये तीन ते चार दिवसच ठेवावा. रविवारी केलेले जेवण शनिवारपर्यंत फ्रीजमध्ये ठेवून खाणे मला मान्य नाही, मग ते वासाला कितीही चांगले असो, कारण आजारी पाडणारे जंतू वासावरून कळत नाहीत. सहा डब्यांपैकी तीन फ्रीजमध्ये आणि तीन त्याच दिवशी उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये जावेत. फ्रीझरमध्ये खिमा, भात आणि राजमा उत्तम राहतात व दोन-तीन महिने चवीत फारसा फरक पडत नाही. भाजलेली ब्रोकोली आणि सिमला मिरची तेथे लिबलिबीत होतात. त्यामुळे फ्रीझरमधल्या तीन डब्यांत फक्त खिमा, भात आणि राजमा गोठवावा आणि त्यांच्या भाज्या आठवड्याच्या मध्यावर ताज्या भाजाव्यात. त्या कामाला अर्धा तास लागतो आणि सगळा आठवडा एका दिवसावर लादण्याचा ताणही उतरतो. प्रत्येक डब्यावर तारीख लिहावी.

गोठवलेला डबा आदल्या रात्री फ्रीझरमधून फ्रीजमध्ये ठेवावा, ओट्यावर वितळू देऊ नये. गरम करताना भाज्यांचा कप्पा बाजूला काढावा, खिमा आणि भात यांवर दोन चमचे पाणी शिंपडून सैल झाकण ठेवावे आणि मायक्रोवेव्हमध्ये दीड-दोन मिनिटे तापवावे. मग डबा बाहेर काढून कडेचा भाग मध्ये आणि मधला कडेला असा हलवावा, कारण मायक्रोवेव्ह कडेला उकळी आणतो तेव्हा मध्यभाग थंडच असतो. आता भाज्या त्यावर ठेवून आणखी एक मिनिट तापवावे, मध्यभागी पुन्हा ७४ अंश झाले का ते पाहावे आणि एकदा गरम केलेला डबा उरला तरी परत फ्रीजमध्ये ठेवू नये. मूठभर कच्चा पालक गरम खिम्याखाली सारावा, वरून लिंबू पिळावे आणि जेवायला बसावे.