कुकर, बायपास आणि कर्नल

रामबाग, इंदूर. सकाळचे साडेनऊ. तिसरी शिट्टी झाली, गॅस बंद झाला. कुकर पडेपर्यंत आजी पोह्यांवर जीरावन आणि शेव भुरभुरतायत. या घरात कोंबडी शिजत नाही. तरी आजची गोष्ट या कुकरपाशीच सुरू करू.

केएफसीच्या पाटीवरचे पांढऱ्या दाढीचे गृहस्थ खरे होते. हारलँड सँडर्स. जन्म 9 सप्टेंबर 1890, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात. पाच वर्षांचे असताना वडील गेले. आई कामावर, म्हणून धाकट्या भावंडांचा स्वयंपाक या पोराकडे. शाळा सातवीत सुटली. मग शेतमजुरी, ट्रामची कंडक्टरी, रेल्वे इंजिनात कोळसा टाकणं, विमा, टायर. मधे वकिलीही केली. ती आपल्याच अशिलाशी कोर्टात मारामारी करून घालवली!

1930. केंटकीतल्या कॉर्बिनला पेट्रोलपंप. थांबलेल्या प्रवाशांना ते घरच्याच टेबलावर बसवून जेवू घालत. हॉटेल झालं ते असं. ‘कर्नल’ ही 1935 मध्ये गव्हर्नरने दिलेली मानाची पदवी. लढाईबिढाई काही नाही.

अडचण होती वेळेची. कढईत कोंबडी तळायला अर्धा तास. गिऱ्हाईक कुठलं थांबतंय! आधीच तळून ठेवावी, तर उरलेली वाया. 1939 मध्ये त्यांच्या हाती प्रेशर कुकर आला. खटपट करून त्यांनी तो तळणीसाठी बदलून घेतला. (आजी, तुम्ही मात्र कुकरात तेल तापवू नका.) दाबाखाली कोंबडी काही मिनिटांत होऊ लागली. अकरा मसाल्यांच्या गुपिताचा गाजावाजा जगभर झाला, पण माझ्या मते धंदा उभा केला तो कुकरनेच.

पुढे बायपास. एबी रोड पाहिलेल्या इंदूरकराला हे समजवायला नको: गाड्या बाहेरून गेल्या की आतल्या ढाब्यावर माश्या. कॉर्बिनला टाळून नवा हायवे निघणार असं ठरलं, आणि 1956 मध्ये हॉटेल 75 हजार डॉलरला लिलावात गेलं. देणी फेडल्यावर आधार उरला महिना 105 डॉलर पेन्शनचा.

व्हॉट्सअ‍ॅपवरची गोष्ट इथूनच सुरू होते: पासष्टाव्या वर्षी, शून्यातून. शून्य कसलं? सॉल्ट लेक सिटीच्या पीट हार्मनने 1952 मध्येच ही कोंबडी आपल्या हॉटेलात लावली होती. वाट सापडली होती. आता ते तिच्यावर पूर्णवेळ निघाले. गाडीत कुकर आणि मसाला, झोप मागच्या सीटवर, कमाई हॉटेलवाले विकतील त्या दर कोंबडीमागे काही सेंट. मसाल्याची पाकिटं पत्नी क्लॉडिया घरून पाठवत.

1964 मध्ये, सहाशेहून जास्त दुकानं असताना, त्यांनी कंपनी 20 लाख डॉलरला विकली. चेहरा तेवढा पगारावर राहिला. जीभ मात्र विकलेली नव्हती. म्हातारा शाखेत अवचित शिरायचा, ग्रेव्ही चाखायचा आणि खडसावायचा. सराफ्यातल्या जुन्या हलवायांना हा माणूस आपल्यातलाच वाटला असता. ही ग्रेव्ही म्हणजे वॉलपेपर चिकटवायची खळ, असं त्यांनी वर्तमानपत्रालाच सांगितलं. एका शाखेने बदनामीचा दावा लावला. तो टिकला नाही.

16 डिसेंबर 1980 ला, नव्वदाव्या वर्षी ते गेले. लुईव्हिलमध्ये त्यांना पुरलं, ते पांढरा सूट आणि काळा टाय घालूनच.